छत्री गडचिरोलीची, सावली फार्महाऊसची

ऐकलंत का? महिन्याला 8,600 रुपये! आणि छत्रीचे 34,000 वेगळे! 8 डिसेंबर 2025 च्या सोमवारी उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या भारतातल्या संकेतस्थळावर हे आकडे उगवले आणि यच्चयावत व्हॉट्सॲप गटांवर हलकल्लोळ माजला. ज्यांच्या घरात पाच-सहाशे रुपयांत फायबर वाहतंय, ज्यांची सोसायटी गच्चीवर साधी कुंडी ठेवू देत नाही, त्यांनीही कपाळावर हात मारून घेतले. 'अहो, गरिबाने जगायचं कसं?' हा कळवळा तेराव्या मजल्यावरून व्यक्त झाला. लगोलग कंपनीच्या उपाध्यक्षबाई लॉरेन ड्रायर यांचा खुलासा आला: संकेतस्थळ सुरूच झालेलं नाही, चाचणीसाठी भरलेले खोटे आकडे गडबडीने दिसले, दर अजून जाहीर व्हायचा आहे. घ्या! म्हणजे ज्या दरावर आपण यथेच्छ संतापलो तो दर नव्हताच. पण केलेला संताप काही परत मिळत नाही.

या छत्रीचं सगळंच असं. दारात यायच्या आधीच तिच्या भानगडी गावभर. आता मुळात ती छत्रीसारखी दिसतही नाही, चपटी चौकोनी पाटी आहे ती. पण आकाशाकडे तोंड करून बसलेल्या यंत्राला आपल्याकडे छत्रीच म्हणायचं, तर छत्री.

पहिली भानगड 2021 सालची. एलॉन मस्क यांच्या या कंपनीने परवाना हातात नसताना आपल्या लोकांकडून 99 डॉलर आगाऊ घ्यायला सुरुवात केली. भरले की लोकांनी! ज्या देशात भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून वाद होतो, तिथे आभाळातल्या रेंजसाठी लोकांनी डोळे मिटून डॉलर मोजले. नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने जाहीर पत्रक काढलं की या कंपनीकडे परवाना नाही, कुणी नोंदणी करू नये. जानेवारी 2022 मध्ये पैसे परत करायची वेळ आली, भारतातले प्रमुखही पायउतार झाले. परवाना मिळाला जून 2025 मध्ये. मध्ये साडेतीन वर्षं गेली. या काळात काय घडलं ते ऐकाल तर कानावर हात ठेवाल.

ऑक्टोबर 2024. दिल्लीत मोबाइल काँग्रेस भरलेली, पंतप्रधान समोर बसलेले, आणि एअरटेलचे सुनील मित्तल सांगतायत की उपग्रहवाल्यांना शहरातल्या गिऱ्हाइकांच्या दारी जायचं असेल तर त्यांनीही आमच्यासारखे परवान्याचे पैसे भरावेत आणि रेडिओलहरी विकत घ्याव्यात. जिओचं गाऱ्हाणंही तेच: लिलाव करा, सगळ्यांना एकच माप लावा. मस्क म्हणाले, उपग्रहाच्या लहरींचा लिलाव अभूतपूर्व ठरेल. दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी 2023 च्या दूरसंचार कायद्याकडे बोट दाखवून लिलाव होणार नाही, वाटप सरकारच करणार, असं सांगून टाकलं. केवढा बेबनाव! आता हे तिघं एकमेकांच्या सावलीतही उभे राहणार नाहीत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आणि मग 11 मार्च 2025 ला एअरटेलने स्टारलिंकशी करार केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, बरं का, अगदी दुसऱ्याच दिवशी, जिओने! ज्यांना आपल्या अंगणात शिरू द्यायचं नव्हतं, त्यांचाच माल आता आपल्या दुकानातून विकणार! त्याच सुमारास मंत्री अश्विनी वैष्णव यांनी एक्सवर स्टारलिंकचं स्वागत केलं, दुर्गम भागातल्या रेल्वे प्रकल्पांना उपयोग होईल असं लिहिलं, आणि ते लिहिलेलं थोड्या वेळाने गायब झालं. का टाकलं, का काढलं, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी रेल्वेच्या वेळापत्रकावर कधी झाली नसेल.

तुम्हाला वाटेल की भोळ्याभाबड्या देशी कंपन्यांवर परदेशी छत्री चालून आली. कुठलं काय! मित्तल यांच्या भारती समूहाची वनवेबमध्ये भागीदारी आहे, तिचे उपग्रह 1,200 किलोमीटरवरून फिरतात, आणि त्यातले 36 अधिक 36 आपल्याच इस्रोने श्रीहरिकोट्याहून ऑक्टोबर 2022 आणि मार्च 2023 मध्ये वर सोडले. जिओची लक्झेंबर्गच्या एसईएसशी भागीदारी आहे. आणि इस्रोचा 4,700 किलोचा जीसॅट-एन2 नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतून वर गेला तो कुणाच्या रॉकेटने? मस्क यांच्याच! तिकडे ॲमेझॉननेही आपली उपग्रहांची माळ गुंफायला घेतली आहे. या भांडणात बिनछत्रीचा असा कुणी नाहीच.

आता जाणकार मंडळी विचारतात की एवढं विशेष काय आहे हिच्यात. उपग्रहावरून इंटरनेट पूर्वीही मिळत होतं. बँकांच्या आडगावच्या शाखा आणि एटीएम कित्येक वर्षं तसेच चालतात. पण ते जुने उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर एका जागी उभे. इथून विचारलेला प्रश्न वर जाऊन उत्तर खाली यायला अर्धा-पाऊण सेकंद जातो. दोघं एकदम 'हॅलो' म्हणतात, मग दोघं एकदम गप्प बसतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर, त्यामुळे उत्तर डोळ्याचं पातं लवण्याआधी येतं. मात्र इतक्या खालचा उपग्रह एका जागी उभा राहू शकत नाही, तो काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून एकामागे एक हजारो लागतात. एक गेला की छत्री दुसऱ्याकडे मान न हलवता वळते. आणि एका उपग्रहाने जमिनीच्या एका पट्ट्यावर टाकलेली रेंज त्या पट्ट्यातल्या सगळ्या छत्र्यांनी वाटून घ्यायची. विरळ वस्तीत चैन, दाट वस्तीत ओढाताण. हा मुद्दा पदराच्या गाठीला बांधून ठेवा, पुढे लागणार आहे.

पण खरी खमंग गोष्ट निराळीच आहे. इंटरनेट आलं की आदिवासी बिघडतात म्हणे! शांतं पापं! ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात, जावारी खोऱ्यात, मारुबो नावाची सुमारे 2,000 लोकांची जमात राहते. तिथे सप्टेंबर 2023 मध्ये स्टारलिंकच्या छत्र्या पोहोचल्या. जून 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर लांबलचक वृत्तान्त छापला. त्यात साप चावला तर मदत ताबडतोब बोलावता येते हेही होतं, आणि पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, काही जण नको ते पाहतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रारही होती. जगभरच्या पत्रांनी नेमकं काय उचललं असेल? बरोब्बर! 'जंगलातली अख्खी जमात अश्लील चित्रफितींच्या आहारी!' टाइम्सला पुन्हा लेख लिहून सांगावं लागलं की असं काहीही घडलेलं नाही. मे 2025 मध्ये मारुबोंनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात टाइम्ससह इतर दोघांवर 18 कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. टाइम्सचं म्हणणं, आम्ही तसं म्हटलंच नव्हतं.

आणि सर्वांत लाजिरवाणी बाब पुढेच आहे. मारुबोंच्या पुढाऱ्यांनी काय केलं होतं माहीत आहे? इंटरनेट सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच तास, रविवारी मात्र दिवसभर, असा नियमच घालून दिला होता. आता पुण्या-मुंबईतलं एक घर दाखवा जिथे हा नियम आजोबांनी पाळलाय. जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल उभा करून रील पाहणारी मंडळी गडचिरोलीतल्या भामरागडच्या पोरांच्या संस्कारांची काळजी वाहतात, तेव्हा हसावं की पोलिसात वर्दी द्यावी, कळत नाही. बिघडण्याचा हक्क काय फक्त फायबरवाल्यांनाच आहे?

बरं, छत्री येणार कुणासाठी? सगळे एकसुरात सांगतात: दुर्गम खेड्यांसाठी. कंपनी तेच सांगते, मंत्री तेच सांगतात. विरोधकही तेच सांगतात की खेड्याला परवडणार नाही. लग्नात शेजारणीचा चपलाहार घालून मिरवावं तसं हे दुर्गम खेडं प्रत्येकाने गळ्यात घातलंय. हाराची मालकीण लग्नाला आहे का, हे कुणी पाहत नाही.

केनियाचंच बघा ना. जुलै 2023 मध्ये तिथे स्टारलिंक सुरू झालं. गाजावाजा अर्थातच दूरदूरच्या गावांचा. नोव्हेंबर 2024 मध्ये नवी नोंदणी थांबवावी लागली ती कुठे? गवताळ माळरानावर? नाही हो, नैरोबीत! राजधानीत! नायजेरियात लागोसच्या काही भागांतही तेच, 'सगळं विकलं गेलं'. पदराची गाठ सोडा आता. रेंज वाटून घ्यायची असते, आणि छत्र्या पैशामागे जातात. पैसा दाट वस्तीत राहतो, म्हणून दाट वस्तीत हाऊसफुल्लची पाटी लागते आणि माळरानावरचा उपग्रह रिकाम्या हाताने पुढे सरकतो.

आपल्याकडे वेगळं होईल? दूरसंचार नियामक ट्रायने 9 मे 2025 ला शिफारशी केल्या: उपग्रह कंपन्यांनी उत्पन्नाचे 4 टक्के सरकारला द्यावेत, आणि शहरी गिऱ्हाइकामागे वर्षाला 500 रुपये जास्तीचे भरावेत, म्हणजे कंपन्यांना खेड्याची ओढ लागेल. वर्षाला 500, म्हणजे महिन्याला 42 रुपये. या दहशतीने मुळशीच्या तळ्याकाठचा बंगलेवाला रात्र-रात्र तळमळणार यात शंका नाही. आणि त्याचा बंगला ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर तो कदाचित ग्रामीण जनतेतच मोडेल. वा! दुर्गम भाग म्हणजे पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि शनिवार-रविवार. एवढ्यावर 'ग्रामीण भागातली सेवा वाढली' असा अहवालही लिहिता येईल.

शेजारी भूतानात फेब्रुवारी 2025 पासून ही सेवा आहे. स्वस्तातला दर तिथल्या 3,000 न्गुलत्रुमचा, नेहमीचा 4,200 चा, आणि न्गुलत्रुमची किंमत आपल्या रुपयाएवढीच. जुलै 2025 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर म्हणाले की भारतात स्टारलिंकला 20 लाखच गिऱ्हाइकं करता येतील, आणि महिन्याचा खर्च 3,000 रुपयांच्या घरात जाईल. बीएसएनएलने घाबरायचं कारण नाही, हा त्यातला दिलासा. आता हा 20 लाखांचा आकडा जरा निवांत बसून पाहा. देशात ग्रामपंचायती साधारण अडीच लाख. भागाकार केला तर दर पंचायतीला 8 जोडण्या. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान आणि पंचायत कार्यालय हे पाच झाले. उरलेल्या तीन सरपंच, उपसरपंच आणि त्यांचा मेहुणा यांना देऊनही गाव जोडलं जातं! आणि सरकारच्या भारतनेट योजनेची तार जिथे धड चालते ती गावं वगळली, तर उरलेल्यांच्या वाट्याला आणखी येतील. म्हणजे माल पुरेसा आहे, तो कुणाच्या छपरावर चढतो एवढाच प्रश्न.

महाराष्ट्राने मात्र सगळ्यांच्या आधी उडी घेतली हं! 5 नोव्हेंबर 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत स्टारलिंकबरोबर इरादापत्र झालं. असं करणारं देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांपासून सुरुवात, पहिला टप्पा 90 दिवसांचा. लगेच कुजबुज: 'गडचिरोली समजू शकतो, पण धाराशिव? तुळजापूरला रेंज नाही असं कोण म्हणतं?' अहो, नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नेमके हेच चार आहेत. यादी तयार होती, तीच उचलली. सरकारी कामात एवढी काटकसर विरळाच.

थट्टा राहू द्या बाजूला, पण सगळ्यात खमंग भानगड छत्रीची नाहीच. ती आहे रेंजच्या आधी पोहोचलेल्या ॲपची. 2021 च्या ऑगस्टात ई-पीक पाहणी आली: शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि चढवायचा. त्याच महिन्यात राज्यभरच्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाइल सरकारला परत करायला सुरुवात केली. फोन अडकायचे, पोषणाची नोंद ठेवायचं ॲप इंग्रजीत, आणि आकडे वेळेवर चढले नाहीत की बोलणी ताईंनाच. रेशनचा अंगठा ऑनलाइन. 2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, बायका ओटीपीसाठी टेकड्या चढल्याच्या बातम्या आल्या. टेकडीवर पोहोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, मग पुन्हा मागवायचा. ज्या गावात रेंज नाही त्या गावाला आधी काम ऑनलाइन करून दिलं, आणि मग वर्षानुवर्षं चर्चा केली की या लोकांना इंटरनेट कशाला हवं! मनोरंजनासाठी नाही हो, त्यांना धान्य हवंय.

आणि छत्री लागली म्हणजे झालं, असंही नाही. तिला मोकळं आकाश लागतं, गडचिरोलीत डोक्यावर झाडं. तिला सतत वीज लागते, एखाद्या पंख्याइतकी किंवा थोडी जास्त, आणि पावसाळ्यात तिकडे वीज आधी जाते. धो-धो पावसात उपग्रहाची लहर क्षीण होते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटतं तेव्हा जमिनीवरची तार आणि रस्ता दोन्ही निकामी, त्या वेळी आभाळातून येणाऱ्या संदेशाचं मोल मोठं. म्हणून छत्रीसोबत सौर पॅनेल, बॅटरी, आणि बिघडली तर खोलून पाहणारा गावातलाच एक शिकलेला पोरगा, एवढं मिळालं पाहिजे. नाहीतर कपाटात पडलेल्या सरकारी टॅबशेजारी आणखी एक वस्तू.

शिवाय, 'ही परकी छत्री आपलं ऐकणार का?' हा सवाल तर अगदी रास्त आहे. डिसेंबर 2024 मध्ये मणिपूरमध्ये लष्कराने शस्त्रांसोबत स्टारलिंकचं चिन्ह असलेलं यंत्र जप्त केलं, तेव्हा मस्क म्हणाले की भारतावर आमचे उपग्रह रेंज टाकतच नाहीत. त्याआधी अंदमानजवळ अमली पदार्थांनी भरलेल्या बोटीवरही स्टारलिंकचं यंत्र सापडलं होतं. 24 जुलै 2025 ला सॉफ्टवेअरमधल्या बिघाडामुळे अख्ख्या जगातली सेवा जवळपास अडीच तास बंद पडली. म्हणूनच सरकारने अटी घातल्या: संदेशांची वाहतूक भारतातल्याच केंद्रातून, सीमेलगतच्या पट्ट्यावर खास नजर. आणि आभाळातून कधी काही पडलं तर? चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत एप्रिल 2022 मध्ये चिनी रॉकेटचं समजलं जाणारं धातूचं कडं येऊन पडलंच होतं. विदर्भाला आभाळातून वस्तू मिळायची सवय आहे, रेंज मिळायची तेवढी राहिली.

आणि हे सगळं काल-परवाचं, असं कुणी सांगू लागलं तर हळूच 1975 सालची आठवण करून द्या. त्या वर्षी 1 ऑगस्टला अमेरिकेचा उपग्रह भाड्याने, खरं तर फुकट, वापरून इस्रोने सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. महाराष्ट्र त्यात नव्हता, तेव्हा नाक मुरडायला मोकळीक आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या, आणि गावाला मिळून एक संच. सगळ्यांनी एकत्र बसून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहायचे. वर्षाने उपग्रह परत गेला. पण एक गोष्ट तेव्हाच कळली होती: दूरच्या गावाला छत्री द्यायची तर ती गावाची म्हणून द्यावी लागते.

ट्रायनेही दबक्या आवाजात तेच सुचवलंय: दुर्गम भागातल्या गिऱ्हाइकांना छत्रीसाठी सरकारी मदत द्यायचा विचार करा. पैसा? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षं जमा होणारा डिजिटल भारत निधी त्यासाठीच आहे, पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत. म्हणजे पैसा आहे, नियम आहे, यादी आहे, इरादापत्रही आहे. आश्रमशाळेच्या छपरावर, उपकेंद्राच्या गच्चीवर आणि रेशन दुकानावर पहिल्या छत्र्या बसल्या, पाच वर्षांचं बिल निधीने भरलं, आणि तोवर भारतनेटची तार ओढायचं काम थांबवलं नाही, तर या सगळ्या गवगव्याचं सोनं होईल. मग बंगलेवाल्यांनी खुशाल छत्री लावावी, पूर्ण दराने.

तोवर चर्चा चालू राहणारच. उद्या नवा दर फुटेल, परवा एखादं ट्वीट पुसलं जाईल, तेरवा कुणीतरी पुन्हा आदिवासींच्या संस्कारांसाठी गळा काढेल. आपण सगळं आवडीने ऐकायचं. फक्त बोलणाऱ्याने 'गडचिरोलीसाठी' असं म्हटलं रे म्हटलं की मध्येच थांबवून विचारायचं: छत्री कुणाच्या छपरावर, आणि बिल कुणाच्या नावावर?